जॉबरच्या दारात

माझ्या हजेरीपत्रकावर कंपनीचं नाही, ठेकेदाराचं नाव आहे. म्हणून आजा आठवतो. मुंबईच्या गिरण्यांनी माणसं भरायचं काम जॉबरवर सोडलेलं. भरतीला दस्तुरी, बदलीला दस्तुरी. वर आपल्या माणसाला रिंगखातंच. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढं टाकला, तेव्हा कुठं नाइलाजानं तो मागण्यांत आला. १९३१ ला व्हिटली कमिशननं भरती जॉबरच्या हातून काढा म्हणून लिहिलं. १९३५ ला गिरणीमालक संघानं बदलीवाल्यांना कार्डं दिली. महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड, मग रोज सकाळी फाटकावर हजेरी. आज्याकडं कार्ड होतं. तरी संध्याकाळी तो जॉबरच्या दारात जायचाच. मालक म्हणायचा, ते जॉबरचं बघणं.