निळी गोळी आणि सिंगापूरचा धडा

परदेशात गेल्यावर ताठरतेची गोळी हवी असेल तर ती कुठून घ्यावी, हा प्रश्न पुरुष सहसा डॉक्टरांना विचारत नाहीत. संकोच वाटतो. मग रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून किंवा एखाद्या अनोळखी वेबसाइटवरून गोळी घेतली जाते. हा संकोच किती महाग पडू शकतो ते या गोळीच्या इतिहासातच दिसतं.

इंग्लंडमधल्या सँडविच इथे फायझर कंपनीचे संशोधक हृदयविकारावरचं औषध शोधत होते. त्यातून सिल्डेनाफिल तयार झालं. अंजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखण्यावर, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मात्र चाचणीतल्या पुरुषांनी ताठरता वाढल्याचं सांगितलं. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने व्हायग्राला मान्यता दिली.

ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. अंजायनासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळीही त्याच मार्गाने काम करते. दोन्ही एकत्र घेतल्या तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. म्हणूनच बहुतेक देशांत हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही.

मागणी प्रचंड आणि विचारायला संकोच, त्यामुळे नकली गोळ्यांचा बाजार फोफावला. नकली म्हणजे खडूची पूड, फार तर गुण येणार नाही, असं तुम्हाला वाटत असेल तर सिंगापूरमध्ये २००८ साली काय झालं ते वाचा.

त्या वर्षी जानेवारी ते मे या काळात तिथल्या रुग्णालयांत मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातली साखर अतिशय कमी झाल्याने दाखल झाले. जवळजवळ सगळे पुरुष होते. त्यांपैकी १२७ जणांच्या रक्तात ग्लिबेनक्लामाइड सापडलं. हे मधुमेहाचं औषध, आपल्याकडे ‘डाओनिल’ नावाने ओळखीचं. ते आलं होतं नकली सियालिसमधून आणि ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक गोळ्यांमधून. साखर फार वेळ कमी राहिल्याने मेंदूला इजा होऊन सात जण कोमात गेले, त्यांतले चौघे दगावले. आणि अशी गोळी घेतल्याची कबुली दिली होती फक्त ४५ जणांनी!

पुढे काही देशांनी सुरक्षित मार्ग सोपा केला. ब्रिटनमध्ये २०१८ पासून ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल चिठ्ठीशिवाय मिळू लागलं, पण फार्मासिस्टने हृदयविकार आणि चालू औषधांची चौकशी केल्यानंतरच. युरोपियन युनियनमध्ये २०१५ पासून अधिकृत ऑनलाइन औषध दुकानांना एक समान चिन्ह लावावं लागतं. त्यावर क्लिक केल्यावर त्या देशाच्या सरकारी यादीत दुकानाचं नाव दिसलं पाहिजे. नुसत्या चित्रावर विश्वास ठेवू नका.

तुम्ही प्रवासाला निघताना एवढं कराच:

१. आधी स्वतःच्या डॉक्टरांना भेटा. ताठरता कमी होणं ही कधी कधी हृदयविकाराची किंवा मधुमेहाची पहिली खूण असते.

२. त्या देशाचे नियम पाहून, गोळ्या इथूनच मूळ वेष्टनात न्या. सोबत औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

३. तिथे घ्यावीच लागली तर परवानाधारक औषध दुकानातूनच घ्या. फार्मासिस्ट प्रश्न विचारत असेल तर ते चांगलं लक्षण समजा.

४. सुट्या गोळ्या आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, लगेच परिणाम’ म्हणणारी कॅप्सूल टाळा.

५. गोळीनंतर छातीत दुखलं, घाम फुटला, भोवळ आली किंवा ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर थेट रुग्णालय गाठा. कोणती गोळी कधी घेतली ते तिथल्या डॉक्टरांना न लपवता सांगा. त्यावरच पुढचे उपचार ठरतात.