हीटरच्या तारेपासून जेटच्या पात्यापर्यंत

जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षातून सुटणारा तप्त वायू ज्या फिरत्या पात्यांवर प्रथम आदळतो, त्यांच्या मिश्रधातूचे मूळ शोधत गेल्यास ते विजेच्या हीटरमधील तारेपाशी सापडते. अल्बर्ट मार्श या अमेरिकन धातुतज्ज्ञाने 1906 मध्ये पेटंट घेतलेला नायक्रोम, म्हणजे ढोबळमानाने 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम यांचा मिश्रधातू, लालबुंद तापूनही टिकत असे, कारण क्रोमियम ऑक्साइडचा चिवट थर ऑक्सिजनला आत शिरू देत नसे. पात्याचे मात्र तेवढ्याने भागत नाही. मिनिटाला हजारो फेरे घेताना ते केंद्रोत्सारी बलाने सतत ताणलेले असते, आणि त्या उष्णतेत धातू तुटण्याच्या कितीतरी आधी हळूहळू लांबत जातो. या संथ लांबण्याला विसर्पण म्हणतात.

जेट इंजिनाचा ब्रिटिश प्रवर्तक फ्रँक व्हिटल याच्या आरंभीच्या इंजिनांची पाती उष्णतारोधी पोलादाची होती आणि ती अपुरी पडत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमधील माँड निकेल कंपनीच्या संशोधकांनी नायक्रोममध्ये आधी थोडे टायटॅनियम आणि कार्बन, पुढे अधिक टायटॅनियम व ॲल्युमिनियम मिसळून ‘नायमॉनिक’ मालिका घडवली. या मिश्रणामुळे धातूच्या पोटात निकेल व ॲल्युमिनियमच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण वेगळे होतात आणि स्फटिकातील अणुस्तरांची घसरण रोखतात. विशेष म्हणजे तापमान वाढले की, एका मर्यादेपर्यंत, हे संयुग उलट अधिक बळकट होते. निकेलची चणचण असलेल्या जर्मनीला त्याच काळात आपल्या युमो 004 इंजिनासाठी पोकळ, हवेने थंड होणारी पाती बनवावी लागली. टंचाईतून आलेली ही युक्ती पुढे सर्वांनीच उचलली, हे नमूद करण्याजोगे आहे.

नंतरची अडचण रचनेची होती. धातू असंख्य स्फटिककणांचा बनलेला असतो आणि तप्त पाते बहुधा या कणांच्या सीमांवर तडकते, म्हणून त्या सीमा सांधण्यासाठी कार्बन, बोरॉन, झिर्कोनियम अल्प प्रमाणात घालत. 1960च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीच्या फ्रँक व्हर्स्नायडर यांनी साच्यातील रस एका टोकाकडून गोठवत नेऊन सर्व सीमा ताणाच्या दिशेला समांतर केल्या. त्यानंतर नागमोडी नळीतून एकच स्फटिक वर चढू देऊन अख्खे पाते एकस्फटिकी ओतण्यात आले. सीमाच उरल्या नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी घातलेली ती मूलद्रव्ये बहुतांशी वगळता आली, आणि त्यांच्या अभावी मिश्रधातू वितळू लागण्याचे तापमान आणखी वर गेले.