वेध आणि रेखाटन



इंदूरकरांना उज्जैनची वेधशाळा अपरिचित नाही. माळव्याचे सुभेदार राहिलेले सवाई जयसिंह यांनी ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षिप्रेकाठी उभारली. पुढे ती मोडकळीस आली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. सम्राट, नाडीवलय, भित्ती, दिगंश ही तेथील यंत्रे आकाशस्थ ज्योतीला एकच प्रश्न विचारतात : तू कोठे आहेस? उत्तर अंश-कलांत मिळते.

हा प्रश्न आपल्या परंपरेने निष्ठेने जपला. कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध करून पंचांगाचे गणित आकाशाशी जुळावे असा आग्रह धरला. या आग्रहाला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे : दृक्प्रत्यय. ग्रंथ काहीही सांगो, डोळ्यांना जे दिसते त्याची साक्ष अखेरची.

दुर्बीण आली आणि दुसरा प्रश्न उपस्थित झाला : तू कसा आहेस? याचे उत्तर अंकांत मावेना. त्याला रेषा हवी होती. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने गुरूजवळच्या चार ठिपक्यांची स्थाने रोज रात्री टिपली आणि त्या साध्या टिपणांतूनच गुरूचे उपग्रह सिद्ध झाले. आमचे जयसिंहही येथे मागे नव्हते. बुध-शुक्राच्या कला आणि गुरूभोवतीचे चार तारे दुर्बिणीतून दिसतात, अशी नोंद त्यांच्या ‘जीज-इ-मुहम्मदशाही’त आहे.

परंतु डोळ्यांची साक्ष तरी सर्वस्वी निर्दोष असते काय? त्याच गॅलिलिओने शनी तीन गोलांचा मिळून झाला आहे असे चितारले. ती कडी आहे हा उलगडा हायगेन्सने १६५९ च्या ग्रंथात सविस्तर मांडला. मंगळाची कथा याहून बोधप्रद आहे. १८७७ मध्ये इटलीच्या शियापारेल्लीने मंगळावर सरळ रेषांचे जाळे रेखाटले. अमेरिकेत पर्सिव्हल लोवेल याने त्या रेषांना बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेले कालवे मानले. निरीक्षकांमागून निरीक्षक त्या रेषा काढू लागले. अपेक्षा आधी आणि दर्शन नंतर, असा क्रम झाला.

हा गुंता उकलण्यास एक शाळा उपयोगी पडली, हे आजच्या प्रसंगी आवर्जून सांगण्याजोगे आहे. ग्रीनिचचे मॉन्डर यांनी इव्हान्स यांच्या साहाय्याने तेथील शाळेतील मुलांपुढे मंगळासारखी चित्रे ठेवली आणि दिसेल तसे काढा म्हणून सांगितले. चित्रांत कालवे नव्हते. विखुरलेले ठिपके व छटा होत्या. तरीही ठरावीक अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेषा काढल्या! १९०३ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध झाले. मुले खोटे बोलत नव्हती. जे अस्पष्ट दिसते ते डोळा परस्पर जोडून घेतो. सप्टेंबर १९०९ मध्ये आंतोनियादी याने म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटर भिंगाच्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला, तेव्हा जाळ्याऐवजी अनियमित छटा दिसल्या. जुलै १९६५ मध्ये ‘मरिनर ४’ यानाच्या छायाचित्रांत विवरे आढळली आणि कालव्यांची कथा संपली.

म्हणून रेखाटन त्याज्य ठरते काय? मुळीच नाही. आंतोनियादीनेही आपला निष्कर्ष हाताने रेखाटूनच मांडला. हौशी निरीक्षक आजही कागदावर वर्तुळ आखतो, शेजारी दिनांक, वेळ, भिंगाचा व्यास आणि हवेची स्थिरता लिहितो. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. त्यामुळे पट्ट्यांतील ठळक खुणांची जागा काही मिनिटांतच पक्की करावी लागते, बारकावे मागून. हवा क्षणभर निवळते तेवढ्यात जे दिसेल तेच घ्यायचे. कालच्या चित्रातून आज उसने आणायचे नाही. छायाचित्राने ग्रहांचा अभ्यास कितीतरी पुढे नेला. पण पाहणाऱ्याला संयम शिकविण्याचे काम पेन्सिलच करते.

आयुष्यभर साहित्य शिकविणाऱ्या माणसाला यात आपलाच विषय दिसावा, हे स्वाभाविक आहे. वर्णन करताना आपण वस्तू पाहतो की आधी वाचलेले वर्णन पाहतो, हा प्रश्न लेखकालाही चुकत नाही. दृक्प्रत्यय म्हणजे केवळ डोळ्यांवर विश्वास नव्हे. डोळ्यांचीही फेरतपासणी करण्याची तयारी. विद्यार्थ्याच्या वहीत एखादी जागा कोरी राहिली आणि तेथे त्याने ‘येथे स्पष्ट दिसले नाही’ असे लिहिले, तर त्या कोऱ्या जागेलाही पूर्ण गुण द्यावेत, एवढीच माझी शिक्षकबंधूंना विनंती आहे.