ध्वनीची हरवलेली दिशा

गोंदियाजवळील मुर्री हे गाव झाडीपट्टीतले. भाताची कापणी आटोपली म्हणजे ह्या मुलखात रात्रभर नाटके रंगतात. कर्णे नव्हते तेव्हा पात्र रंगमंचाच्या कोणत्या अंगास आहे, हे डोळे मिटूनही कळत असे. कारण दोन्ही कानांवर ध्वनी पोहोचण्यात सेकंदाच्या हजारांशाहूनही कमी अंतर पडते, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ताडतो. कर्णे आले आणि पात्र कोठेही असो, आवाज खांबावरून येऊ लागला.

यंत्राने नेलेली ही दिशा यंत्राकडूनच परत मिळविण्याचा उद्योग पुष्कळ जुना आहे. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनात क्लेमां आदेर ह्याने संगीतनाट्यगृहाच्या रंगमंचावर मायक्रोफोन मांडले व दूरच्या श्रोत्याच्या प्रत्येक कानास निराळी तार जोडून दिली. पुढे १९३१ च्या डिसेंबरात लंडनमध्ये ॲलन ब्लूमलाइन ह्याने द्विमार्गी ध्वनीच्या पेटंटासाठी अर्ज केला. मौज अशी की, त्याच वर्षीच्या मार्चात मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला होता. आमच्या चित्रपटास नुकती कोठे वाचा फुटत होती! डिस्नेचा ‘फँटेशिया’ १९४० साली बहुमार्गी ध्वनीसह निघाला खरा, परंतु ती यंत्रसामग्री इतकी महाग की ती मोजक्याच शहरांना लाभली. इतरांच्या वाट्यास पुढे एकमार्गी प्रतच आली.

आमच्याकडे हेच ‘शोले’च्या बाबतीत घडले. १९७५ च्या ह्या चित्रपटाच्या ७० मिलिमीटर प्रतीवर ध्वनीचे सहा मार्ग होते: पाच पडद्यामागच्या कर्ण्यांसाठी, सहावा प्रेक्षागृहातल्या कर्ण्यांसाठी. मुंबईच्या मिनर्व्हात नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली पाहू लागत, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. आम्हांस तिचे कौतुक आहे. तथापि तिच्यावरून साऱ्या देशाच्या श्रवणाचा इतिहास लिहिणे गैर होय. ७० मिलिमीटरची सोय असलेली चित्रगृहे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकी मुलखाने ३५ मिलिमीटरची प्रत पाहिली आणि घोड्यांच्या टापा, झोपाळ्याची करकर, सारे एकाच जागेवरून ऐकले.

आणि तरीही गब्बरचे बोलणे खेड्यापाड्यांत तोंडपाठ झाले. त्याच्या संवादांच्या तबकड्या निघाल्या व हातोहात खपल्या. त्यांत पडदा नव्हता, पाठीमागचे कर्णेही नव्हते.