पेरँचा हरलेला दावा

देवघरातील कापराची डबी उघडी राहिली की काही दिवसांत रिकामी होते. नैवेद्याच्या पाकावरील लक्ष ढळले की साखर करपते. दोन्ही कृत्ये उष्णतेचीच, परंतु त्यांत अंतर मोठे आहे. कापराचे रेणू केवळ परस्परांपासून दूर जातात, प्रत्येक रेणू अखंडच असतो. साखरेच्या मात्र रेणूच्या आतले बंध तुटतात, आणि ती पुन्हा साखर म्हणून हाती लागत नाही. हे बंध तोडण्याचे बळ रेणूला मिळते तरी कोठून? या प्रश्नावर १९१९ पासून युरोपात जो वाद चालला, तो आम्हां वकिलांना ओळखीचा वाटावा असा आहे.

वादी होते फ्रान्सचे झाँ पेरँ; अणूंचे अस्तित्व प्रयोगाने पटवून देणाऱ्यांत अग्रगण्य. त्यांचे म्हणणे असे : रेणू एकमेकांवर आदळल्याने बंध तुटत असतील, तर वायू विरळ केल्यावर आघात कमी होऊन विघटनही मंदावले पाहिजे. पण काही वायूंत, ठरावीक वेळात शेकडा किती रेणू फुटतात हे प्रमाण दाब उतरविला तरी बदलत नव्हते. तेव्हा आघात निर्दोष. खरे कर्ते म्हणजे पात्राच्या तप्त भिंतींतून निघणारे अदृश्य किरण. वायू विरळ झाला तरी भिंती तर तशाच राहतात! युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा.

१९२१ साली फॅरडे सोसायटीच्या चर्चेत फ्रेडरिक लिंडेमन यांनी त्याची उलटतपासणी केली. (पुढे महायुद्धात चर्चिलचे वैज्ञानिक सल्लागार झाले ते हेच.) त्यांनी साक्षीला साखरच आणली. पेरँचे खरे मानले, तर आम्ल घातलेल्या पाण्यातील साखरेचे विघटन उन्हात ठेवताच कैक पटींनी वाढावयास हवे. तसे ते वाढत नाही.

परंतु पेरँच्या मूळ प्रश्नाचे काय? लिंडेमन यांचे उत्तर फार मार्मिक आहे. आघात आणि बंध तुटणे यांच्यामध्ये थोडा अवधी असतो. आघाताने चेतलेला रेणू लगेच फुटत नाही; दाट वायूत तेवढ्यात दुसरा आघात होऊन बहुतेकांची ऊर्जा काढून घेतली जाते. दाब दुप्पट केला, तर चेतविणारे आघात वाढतात तसे शमविणारेही वाढतात, म्हणून प्रमाण स्थिर दिसते. वायू अतिविरळ केला मात्र, तर शमविणारे कोणी उरत नाही. तेथे विघटनाचा वेग दाबाबरोबर घटलाच पाहिजे. १९२६ मध्ये ऑक्सफर्डच्या सिरिल हिन्शेलवूड यांना प्रोपिऑनिक आल्डिहाइडच्या वाफेत नेमकी ही घट आढळली. पेरँना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी, अर्थात अणूंविषयीच्या कार्यासाठी.

आमच्या मुदतीच्या कायद्याने यावरील अपील केव्हाच बाद झाले असते. विज्ञानात ते सुमारे ७० वर्षांनी दाखल झाले. १९९० नंतरच्या दशकात डनबार, मॅकमहॉन आदी संशोधकांनी विद्युत्भारित रेणुपुंज चुंबकीय क्षेत्रात, जवळजवळ निर्वात पात्रात कोंडून ठेवले. आदळण्यास तेथे दुसरा रेणू क्वचितच. तरीही ते पुंज एकेक करून फुटत राहिले, आणि पात्र तापविले की अधिक लवकर फुटू लागले. त्यांना बळ मिळत होते ते भिंतींच्या किरणांतून.