वऱ्हाडातील चांदी आणि सोनार

आजचे बाभुळगाव ज्या वऱ्हाडात येते, तेथे 1490 पासून 1574 पर्यंत इमादशाही होती. 1596 मध्ये प्रांत मोगलांकडे गेला. शेजारचे कळंब अकबराच्या काळी ‘सरकार’ नावाच्या एका विभागाचे मुख्य ठिकाण होते. सत्ता बदलल्या, गावगाड्यातील सोनार मात्र राहिला. तो बलुतेदारांपैकी एक. दागिने घडवी आणि नाणी पारखी, म्हणून पोतदारही.

चांदी या मुलखातली नव्हे. ती समुद्रमार्गे आणि खुष्कीने हिंदुस्थानात येई आणि खेड्यापर्यंत पोचे ती बहुधा नाण्यांच्या किंवा मोडीच्या रूपाने. शेरशहाचा रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ तोळाभर. म्हणून दागिन्याचे वजन रुपयांत सांगणे सोपे होते. त्याखालची मापे 12 माशांचा तोळा आणि 8 गुंजांचा मासा.

मोड मुशीत घालून बागेसरीवर, म्हणजे सोनाराच्या शेगडीवर, ठेवायची, फुंकणीने विस्तव फुलवायचा. वितळलेल्या चांदीची कांब ऐरणीवर ठोकायची. तार हवी असेल तर जंतराच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढायची. सांध्यांना टाकणखार लावून डाक द्यायचा. शेवटी चिंचेच्या पाण्याने उजाळा.

वाळे, तोडे, जोडवी, विरोद्या: पायात चांदीच, कारण सोने लक्ष्मी मानलेले. शेतकऱ्याच्या घरी हीच शिल्लक, आणि दुष्काळात गहाण पडे तीही हीच. सोनाराविषयीचा संशय म्हणींत मुरला आहे. पण याच जातीत पंढरपूरचे संत नरहरी सोनारही झाले.