पावलापुरती भूल

'पोराला भूल दिली' म्हटले की झोपलेले मूल डोळ्यांपुढे येते. पण झोप लागणे वेगळे आणि दुखणे थांबणे वेगळे. खरी परीक्षा शस्त्रक्रियेनंतरच्या रात्री होते.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात कोकेन टोचून पहिली शस्त्रक्रिया केली, तीही क्षयाने किडलेल्या घोट्यावर. त्यांच्या पहिल्या काही रुग्णांत मुलेही होती. १९०९ मध्ये लंडनच्या टिरेल ग्रे यांनी मुलांना दिलेल्या अशा भुलेचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे मात्र ही वाट मागे पडली. तान्ह्या बाळांना दुखत नाही, हा समज वैद्यकात चांगलाच मुरला होता. इंदूरला वैद्यक शिकलेले डॉ. कंवलजित आनंद यांनी १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो खोडून काढला. इतका उशीर का लागला, हे कोणत्याही आईला विचारावे!

पावलाची बहुतेक जाणीव सायटिक नसेतून जाते. आतली कड तेवढी मांडीकडून येणाऱ्या दुसऱ्या नसेची. म्हणून मुलाला आधी झोपवून गुडघ्यामागे औषध सोडले, की शस्त्रक्रिया झालेलाच पाय काही तास बधिर राहतो. जुनी पद्धत माकडहाडाजवळच्या फटीतून औषध देण्याची. ती सोपी, स्वस्त आणि भरवशाची. पण दोन्ही पाय जड होतात, कधी लघवी अडते.

नस नेमकी दिसायला सोनोग्राफी लागते, आणि इथे आपला इतिहास आडवा येतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, केंद्राच्या १९९४ च्या कायद्याआधीच, कायदा केला. २०१२ च्या नियमांनी हलती यंत्रे, फिरती आरोग्य पथके वगळता, नोंदलेल्या जागेतील आंतररुग्णांपुरती बांधली. मुलींसाठी ते आवश्यकच होते, यात मला शंका नाही. पण रत्नागिरी, चिपळूण, खेडसारख्या गावांत भूलतज्ज्ञ बॅग घेऊन या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जातात. बॅगेत सुया, औषधे, नळ्या सगळे मावते. यंत्र मात्र नेता येत नाही. दवाखान्याने स्वतःचे नोंदवलेले यंत्र भूलतज्ज्ञाच्या हाती दिले तर ठीक, नाहीतर वाकड्या पावलाची शस्त्रक्रिया झालेल्या मुलासाठी माकडहाडाची सुईच उरते, आणि सकाळपर्यंत त्याचा न दुखणारा पायही जड राहिलेला असू शकतो.